गोकाकचं पाणी, तवंदीची वाट आणि कागदाची एक घडी

पावसाळ्यात गोकाकला जाणारा माणूस धबधबा बघायला जातो. घटप्रभा सपाट खडकावरून पसरत येते आणि घोड्याच्या नालेसारख्या वाकलेल्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. तांबूस पाणी, तुषारांचा धूर आणि कानठळ्या बसवणारा घुमारा, यापुढे दुसरीकडे नजर वळणं कठीण. पण त्याच जागी, कड्याच्या थोडं वरच्या अंगाला, नदीवर एक झुलता पूल आहे. लांबी सुमारे २०० मीटर, खडकाळ पात्रापासूनची उंची सुमारे १४ मीटर. लोखंडी दोरांवर तोललेला चालण्याचा पट्टा, एवढंच त्याचं रूप.

या दोन गोष्टी एका नजरेत घेता आल्या तर जरूर घ्याव्यात. कड्यावरून सुटणारी धार आधी आडवी निघते आणि मग वाकत वाकत खाली जाते. पुलाचा दोर एका काठावरून उतरतो, मध्ये झोळ देतो आणि दुसऱ्या काठाकडे पुन्हा चढतो. धार पालथी, दोर उताणा. एकीकडे क्षणभरही न थांबणारं पाणी, दुसरीकडे वर्षानुवर्षं जागचं न हललेलं लोखंड. तरीही दोन्हींची रेषा एकच आहे. वरवर सारखी दिसते असं नव्हे. लहान-मोठेपणाचा फरक सोडला तर एकीवर दुसरी तंतोतंत बसेल इतकी एक. मराठी गणितात तिला अन्वस्त म्हणतात.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या रेषेला तीन नावं भेटतात. मराठी पुस्तकात अन्वस्त, कन्नड पुस्तकात परवलय, आणि दहावीनंतर कॉलेजात गेलं की इंग्रजीतून पॅराबोला. तिसऱ्या नावापर्यंत पोचेतो मुलांच्या वहीत फक्त सूत्रं उरतात: शिरोबिंदू अमुक, नाभी अमुक, नाभिलंबाची लांबी इतकी, स्पर्शिकेचं समीकरण असं. सूत्रं बरोबर असतात, उत्तरंही येतात. पण सूत्रं पाठ केलेल्या मुलानं ही रेषा स्वतःच्या हातानं कधी जन्माला घातलेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्याला लागतो फक्त एक कागद.

कोरा कागद घ्या. खालच्या कडेच्या मध्यावर, कडेपासून तीन-चार बोटं वर एक ठळक ठिपका काढा. हा ठिपका म्हणजे नाभी. कागदाची खालची कड म्हणजे आपली नियतरेषा. आता कडेवरचा कुठलाही एक बिंदू उचलून नेमका ठिपक्यावर येईल असा कागद दुमडा, घडी नखानं दाबा आणि उलगडा. कडेवर थोडं सरकून दुसरा बिंदू घ्या, पुन्हा तसंच. अशा वीस-पंचवीस घड्या झाल्या की कागद उजेडासमोर धरा. एकही वक्र रेषा तुम्ही काढलेली नाही. सगळ्या घड्या सरळ आहेत. पण त्या घड्यांच्या गर्दीतून, ठिपक्याला कवेत घेणारी एक स्वच्छ गोलाई उमटलेली दिसेल.

ती का उमटते, हे समजून घेण्यात या लेखाचा बराचसा जीव आहे. कडेवरचा बिंदू ‘म’ आणि ठिपका ‘न’ धरू. ‘म’ हा ‘न’वर आणून घडी घातली, म्हणजे घडीवरचा प्रत्येक बिंदू ‘म’पासून आणि ‘न’पासून सारख्याच अंतरावर आला. आता ‘म’मधून कडेला काटकोनात सरळ वर रेघ ओढा. ती घडीला जिथे छेदते तो बिंदू ‘प’. ‘प’पासून ‘न’ जितका लांब तितकाच ‘म’ लांब. आणि ‘पम’ कडेला लंब असल्यानं ते ‘प’चं कडेपासूनचं अंतरही आहे. म्हणजे ‘प’ ठिपक्यापासून आणि कडेपासून समान अंतरावर. अशा सगळ्या बिंदूंची मिळून जी रेषा होते, ती अन्वस्त. घडीवरचा दुसरा कोणताही बिंदू घेतला तर त्याचं ‘म’पर्यंतचं अंतर तिरकं पडतं, आणि तिरकं अंतर लंब अंतरापेक्षा नेहमी मोठं. म्हणून तो बिंदू कडेला जास्त जवळ, ठिपक्याला कमी जवळ. अर्थात गोलाईच्या बाहेर. घडी अन्वस्ताला एकाच जागी टेकते आणि बाकी सगळी बाहेर राहते. स्पर्शिका म्हणतात ती हीच.

एक बिंदू, एक रेषा आणि दोन्हींपासून समान अंतर. आमच्याकडच्या माणसाला हे चित्र समजायला जड जाऊ नये. निपाणी शहर हा एक बिंदू धरा आणि कागलच्या बाजूची राज्याची सीमा ही एक रेषा. कोगनोळीच्या माणसाला सीमा हाताशी आहे आणि निपाणी लांब. निपाणीच्या वेशीतल्या माणसाला उलट. ज्या शेतातून शहर आणि सीमा सारख्याच अंतरावर पडतात अशी शेतं जोडत गेलं, तर निपाणीला कवेत घेणारी एक अन्वस्ताची रेषा नकाशावर उमटेल. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेनं आलेली खरी सीमा अर्थातच कागदाच्या कडेसारखी सरळ नाही. ती शेतांतून आणि नद्यांच्या काठानं वळणं घेत जाते, आणि तिनं माणसांच्या आयुष्यात काय केलं ते भूमितीत मावणारं नाही.

समीकरण इथूनच निघतं. ठिपका आणि कड यांच्या बरोबर मध्ये शिरोबिंदू. तिथे आपले अक्ष ठेवू. ठिपका ‘अ’ इतका वर, कड ‘अ’ इतकी खाली, आडवं अंतर क्ष, उभं अंतर य. ठिपक्यापासूनच्या अंतराचा वर्ग क्ष² + (य − अ)², कडेपासूनच्या अंतराचा वर्ग (य + अ)². दोन्ही समान मांडून कंस सोडवले की उरतं क्ष² = ४अय. आडवं अंतर दुप्पट झालं की उंची चौपट, तिप्पट झालं की नऊपट. अक्ष कुठे ठेवायचे हे आपल्या हातात होतं, आणि ते नेमके मधोमध ठेवले म्हणून समीकरण इतकं आटोपशीर आलं. दुसरीकडे ठेवले असते तर हीच रेषा पाच-सहा पदांच्या पसाऱ्यात लपली असती. निर्देशक भूमितीत समीकरण सोडवण्याआधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं लागतं, आणि निम्मं काम त्यातच होतं.

आता घडीतली एक बारीक गोष्ट. घडी ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्यबिंदूतून जाते. हा मध्यबिंदू ठिपका आणि कड यांच्या अर्ध्या उंचीवर, म्हणजे शिरोबिंदूच्याच पातळीवर. आणि अक्षापासून ‘म’ जितका दूर त्याच्या निम्म्यावर. ‘प’ हा ‘म’च्या बरोबर वर आहे. म्हणजे अन्वस्तावरच्या कुठल्याही बिंदूपासून स्पर्शिका शिरोबिंदूच्या पातळीपर्यंत मागे ओढली, तर ती त्या बिंदूच्या आडव्या अंतराच्या नेमक्या मध्यावर येऊन मिळते. ना थोडी अलीकडे, ना थोडी पलीकडे. आणि याच्या उलटही खरं आहे: प्रत्येक बिंदूपाशी ज्या वक्राची स्पर्शिका अशी अर्ध्यावर येते, तो वक्र अन्वस्तच असतो. पुस्तकात ही गोष्ट एका उदाहरणाच्या पोटात कुठेतरी पडलेली असते. मला ती या रेषेची जन्मखूण वाटते. हा अर्धा गोकाकला दोनदा दिसतो.

आधी पाणी. कड्यावरून धार आडवी निघते. आडवा वेग तसाच राहतो, कारण त्या दिशेनं तिला ढकलणारं किंवा अडवणारं फारसं काही नाही. खाली पडण्याचा वेग मात्र शून्यापासून सुरू होऊन सारखा, एकसमान वाढत जातो. एकसमान वाढणाऱ्या वेगाची सरासरी शेवटच्या वेगाच्या निम्मी असते. म्हणजे एखादा थेंब आतापर्यंत सरासरी ज्या उतारानं आला, त्याच्या दुप्पट उतारानं तो या क्षणी निघाला आहे. त्याची या क्षणाची दिशा सरळ रेषेत मागे वर नेली, तर कड्याच्या पातळीला ती कुठे लागेल? उतार दुप्पट, म्हणून आडवं अंतर निम्मं. थेंबानं कड्यापासून जितकी आडवी वाट तोडली, तिच्या अर्ध्यावर. घडीतलाच अर्धा.

आकडे घालून पाहू. कड्यावर पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर ५२ मीटर पडायला सव्वातीन सेकंद लागतात आणि धार कड्याच्या पायथ्यापासून सुमारे पावणेदहा मीटर पुढे पडते. खाली पोचतानाचा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या घरात जातो. प्रत्यक्षात इतक्या उंचीवरून पडताना पाण्याचे थेंब होतात, थेंबांचे तुषार होतात, हवा त्यांना अडवते आणि वेग बराच कमी भरतो. म्हणून अन्वस्त बघायचा तो कड्यालगतच्या पहिल्या काही मीटरांत, जिथे धार अजून अखंड असते. खाली फक्त धुकं.

आता पूल. दोराचा सगळ्यात खालचा बिंदू आणि त्याच्या उजवीकडचा कुठलाही एक बिंदू ‘प’, यांमधला तेवढाच तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर तीन ओढी आहेत. खालच्या बिंदूपाशी डावीकडचा दोर त्याला आडवा ओढतो. ‘प’पाशी वरचा दोर त्याला स्वतःच्या दिशेनं, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेनं ओढतो. आणि खाली तोललेल्या पट्ट्याचं वजन सरळ खाली. पट्टा लांबीभर सारखाच जड आहे, म्हणून त्या वजनाचा मध्य आडव्या अंतराच्या बरोबर अर्ध्यावर. तीन बलांनी एखादी वस्तू स्थिर राहायची, तर ती तिन्ही एका बिंदूतून जावी लागतात. नाहीतर वस्तू फिरू लागेल. आडवी ओढ आणि वजनाची उभी रेघ भेटतात अर्ध्यावर. मग तिसरीलाही, म्हणजे ‘प’पाशीच्या स्पर्शिकेलाही, तिथूनच जाणं भाग आहे. पुन्हा तोच अर्धा, आणि म्हणून पुन्हा तीच रेषा. पाण्यात तो वेगाच्या सरासरीतून आला, लोखंडात वजनाच्या मध्यातून, कागदात दोन बिंदूंच्या मधून.

इथे एक सावधगिरी हवी, कारण खुद्द गॅलिलिओलाही या जागी खात्रीनं बोलता आलं नाही. फेकलेल्या वस्तूची वाट अन्वस्ताची असते हे त्यानं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात सिद्ध केलं. त्याच ग्रंथात त्यानं लिहिलं, की खिळ्यांना टांगलेली साखळीही अन्वस्ताच्या फार जवळची रेषा देते. जवळची, हे खरं. पण तीच नव्हे. क्रिस्तियान हायगेन्स या डच मुलानं १६४६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नुसत्या साखळीचा झोळ अन्वस्त असू शकत नाही हे दाखवलं. तो वक्र नेमका कोणता याचं उत्तर यायला १६९१ साल उजाडलं. हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बेर्नुली या तिघांनी ते वेगवेगळं काढलं. फरक कुठे पडतो ते आपल्या अर्ध्यावरून लगेच कळतं. नुसत्या साखळीचं वजन तिच्या स्वतःच्या लांबीवर पसरलेलं असतं. टोकांकडे साखळी उभी होत जाते, तिथे आडव्या एका पावलात जास्त कड्या बसतात, वजनाचा मध्य अर्ध्यापासून बाहेरच्या अंगाला सरकतो. अर्धा मोडला की अन्वस्त मोडला. पुलावर दोरापेक्षा आडव्या पट्ट्याचं वजन भारी, म्हणून तिथे तो टिकतो. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आणि गोकाकचा पूल यांच्यात हे एवढं अंतर आहे.

लेखाच्या सुरुवातीला मी म्हटलं, की लहान-मोठेपणा सोडला तर दोन्ही रेषा एकच. लंबवर्तुळांचं असं नसतं. काही लंबवर्तुळं जवळजवळ गोल, काही काकडीसारखी. कितीही लहान-मोठी केली तरी एक दुसऱ्यावर बसणार नाही. अन्वस्त मात्र, वर्तुळासारखाच, जगात एकच आहे. क्ष² = ४अय यात बदलता येण्यासारखा आकडा एकच, ‘अ’; आणि तो बदलणं म्हणजे फक्त मोजपट्टी बदलणं. गोकाकच्या धारेचा ‘अ’ आपण धरलेल्या वेगाला जेमतेम ४६ सेंटिमीटर येतो. २०० मीटर रुंदीत २० मीटर झोळ दिलेल्या दोराचा ‘अ’ १२५ मीटर. धार अरुंद आणि खोल दिसते, दोर पसरट दिसतो, कारण धारेचा आपण लांबवरचा भाग बघतो आणि दोराचा शिरोबिंदूजवळचा. धारेचा सगळ्यात वरचा वीतभर भाग भिंगातून मोठा करून पाहिला तर तो पुलाच्या दोरासारखाच पसरट निघेल.

निपाणीहून संकेश्वरकडे महामार्गानं निघालं की तवंदीचा घाट लागतो. स्तवनिधीच्या जैन क्षेत्रामुळे ही जागा भाविकांच्या ओळखीची. ट्रकवाल्यांना ती चढणीमुळे माहीत. घाटमाथा ओलांडताना चढ संपतो आणि उतार सुरू होतो. गाडीत बसलेल्याला तो क्षण जाणवत नाही, आणि जाणवू नये यासाठी रस्त्याच्या आखणीत बरीच मेहनत घ्यावी लागते. चढाची सरळ रेषा आणि उताराची सरळ रेषा टोकाला टोक लावून जोडली तर माथ्यावर कोपरा होईल, गाडी उसळेल आणि समोरून येणारं वाहन दिसणारच नाही. म्हणून मध्ये वक्र घालतात, आणि माथ्यावर तो अन्वस्ताचा घालणं ही आपल्याकडच्या महामार्गांच्या आखणीतली जुनी रीत आहे. कारण साधं: अन्वस्तावर उतार समान पावलात समान बदलतो. समजा शेकडा ४ चढ येतोय आणि पुढे शेकडा ३ उतार जायचाय, आणि मध्ये ३५० मीटरची जागा आहे. दर ५० मीटरला उतार एक टक्क्यानं बदलेल. झटका कुठेच नाही.

हे ३५० मीटर जमिनीवर आखायचे कसे? दोन्ही सरळ रेषा मनातल्या मनात पुढे वाढवल्या की त्या मधोमध, १७५ मीटरवर, एका उंच बिंदूत भेटतात. अर्धा इथेही हजर आहे, फक्त आता दोन स्पर्शिकांमधला. अन्वस्ताच्या कुठल्याही दोन स्पर्शिका त्यांच्या स्पर्शबिंदूंच्या आडव्या अंतराच्या मध्यावरच भेटतात. तो भेटबिंदू ‘भ’. वक्राची दोन टोकं सरळ जोडणाऱ्या जीवेचा मध्य ‘ज’. वरच्या आकड्यांत ‘भ’ हा ‘ज’पेक्षा ६.१२ मीटर उंच येतो. रस्ता कुठून जाईल? बरोबर मधून, ‘भ’पासून ३.०६ मीटर खालून. मग उरलेल्या दोन भागांत पुन्हा असंच अर्धं, पुन्हा अर्धं. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळातही डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन उभा राहिलेला सर्वेअर दोननं भागण्यापलीकडे काही न करता सगळा माथा आखू शकत होता.

अर्ध्या-अर्ध्याचा हाच खेळ आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडला होता. जीवेनं कापलेल्या अन्वस्ताच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढायला त्यानं आत त्रिकोण बसवला, उरलेल्या दोन फटींत आणखी दोन, मग चार, आणि सिद्ध केलं की सगळं मिळून पहिल्या त्रिकोणाच्या ४/३ पट भरतं. दोन स्पर्शिका आणि जीवा यांनी झालेल्या मोठ्या त्रिकोणाशी तुलना केली तर तुकडा त्याच्या दोनतृतीयांश. घाटमाथ्यावर कोपऱ्याऐवजी अन्वस्त घातल्यानं मोठ्या त्रिकोणातला वरचा एकतृतीयांश भाग गळतो, हे रस्त्याच्या मातीकामाचा हिशेब करणाऱ्याला आजही उपयोगी पडतं.

आता शेतात येऊ. जोंधळा दाण्यावर आला की पाखरं राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी भरपूर केलेलं काम. गोफणीतून सुटलेला दगड अन्वस्ताच्या वाटेनं जातो, हे आता सांगायला नको. पण नाभी आणि नियतरेषा यांचा या दगडाशी काय संबंध, हे मला कळलं तेव्हा झालेला आनंद अजून तसाच आहे.

समजा राखणदार प्रत्येक वेळी सारख्याच जोरानं दगड सोडतो, फक्त दिशा बदलतो. दगड सरळ डोक्यावर सोडला असता तर किती उंच गेला असता? ती उंची ‘ह’ म्हणू. हातापासून ‘ह’ इतक्या उंचीवर आकाशात एक आडवी रेषा कल्पा. हीच त्याच्या सगळ्या दगडांची नियतरेषा. दिशा कोणतीही असो, नियतरेषा तीच. वाटेतल्या कुठल्याही बिंदूवर दगडाचा वेग तितकाच असतो, जितका त्या नियतरेषेवरून सरळ खाली सोडलेल्या दगडाचा त्या उंचीवर झाला असता. गोकाकच्या धारेची नियतरेषाही अशीच कड्याच्या वर ४६ सेंटिमीटर तरंगत असते. तिथून पडलेल्या पाण्याला कड्यापाशी बरोबर सेकंदाला ३ मीटर वेग येईल.

हात नियतरेषेपासून ‘ह’ अंतरावर आहे. मग अन्वस्ताच्या व्याख्येनंच नाभीही हातापासून ‘ह’ अंतरावर हवी. हाताच्याच पातळीवर दगड जिथे येऊन पडतो तो बिंदूही नियतरेषेपासून ‘ह’ अंतरावर, म्हणून तोही नाभीपासून ‘ह’ अंतरावर. एक नाभी, आणि तिच्यापासून ‘ह’ लांबीच्या दोन काठ्या: एकीचं टोक हातात, दुसरीचं पाखरापाशी. दोन काठ्या जास्तीत जास्त किती लांब पोचतील? एका रेषेत सरळ आडव्या धरल्या तर. म्हणजे दगडाची सगळ्यात लांब फेक २ह. सरळ वर ३० मीटर जाऊ शकणारा दगड जास्तीत जास्त ६० मीटर लांब जाईल, हवेचा अडथळा सोडून. वर जितका, त्याच्या दुप्पट लांब.

आणि त्या फेकीसाठी दगड कोणत्या दिशेनं सोडायचा? घडी आठवा. ‘म’ आणि ‘न’ एकमेकांवर आणणारी घडी ‘प’पाशीच्या कोनाचे दोन समान भाग करते. इथे ‘प’ म्हणजे हात. नियतरेषा सरळ वर, नाभी सरळ आडवी. दोन्हींमध्ये काटकोन, त्याचा अर्धा ४५ अंश. शाळेत त्रिकोणमितीची अर्धं पान भरणारी आकडेमोड करून जे उत्तर आणतात, ते दोन काठ्या आणि एक घडी यांतून आलं.

पाखरू जवळ असेल तर? काठ्या सरळ न राहता कोपरात वाकतील, आणि त्या वर वाकू शकतील तशाच खालीही. नाभीच्या दोन जागा, दगडाच्या दोन वाटा: एक उंच, सावकाश, वरून पडणारी; दुसरी बुटकी, वेगात जाणारी. बुटकी वाट कणसांत अडकण्याची भीती असेल तेव्हा उंच वाट निवडायची. पाखराच्या अंतरासाठी बरोबर दोनच दिशा असतात, तिसरी नसते. राखणदाराच्या मनगटाला हे मोजल्याशिवाय ठाऊक असतं.

घडीनं कोनाचे दोन समान भाग केले यातच घरावरच्या छत्रीचं, म्हणजे टीव्हीच्या डिशचं, मर्म आहे. अक्षाला समांतर येणारा किरण ‘प’पाशी अन्वस्ताला भेटतो. अडवला नसता तर तो सरळ ‘म’कडे गेला असता. घडी त्याच्या या वाटेशी आणि ‘पन’शी सारखाच कोन करते, म्हणून परावर्तित होऊन तो ‘न’कडेच जातो. कुठल्याही ‘प’ला. आणखी एक गोष्ट: ‘पन’ आणि ‘पम’ सारखे असल्यानं सगळे किरण नाभीपाशी सारखंच अंतर कापून, एकाच वेळी पोचतात. लाटांना हे फार महत्त्वाचं. पुढेमागे पोचलेल्या लाटा एकमेकींना मारतात, एकाच वेळी पोचलेल्या एकमेकींना उचलतात.

निपाणी-बेळगावच्या गच्चीवरच्या डिश नीट बघितल्या तर त्या आभाळाकडे कमी आणि समोरच्या घराकडे जास्त बघतायत असं वाटतं. त्यांना लाटा पाठवणारे उपग्रह आपल्या भागातून आकाशात बरेच उंच असतात, मग डिश इतकी खाली का बघते? कारण ती अन्वस्ताच्या वाडग्याचा मधला भाग नाही. एका बाजूचा कापून घेतलेला तुकडा आहे. त्यामुळे नाभीपाशी बसवलेला पकडणारा भाग येणाऱ्या लाटांच्या वाटेत उभा राहत नाही. नाभी मात्र अख्ख्या वाडग्याचीच.

पूर्ण वाडगे पाहायचे असतील तर जुन्नर तालुक्यात खोडदला जावं. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली तिथली रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रत्येकीची नाभी शिरोबिंदूपासून सुमारे १८.५ मीटरवर. क्ष² = ४अय यात क्ष म्हणजे २२.५ आणि अ म्हणजे १८.५ घातलं की वाडग्याची खोली निघते ६.८ मीटर, दोन मजली घराइतकी. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तिथे येणाऱ्या रेडिओ लाटांची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा पुष्कळ मोठी असते. लाटेला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. इतक्या कमी वजनात इतका मोठा अन्वस्त उभा राहिला तो यामुळे.

तवंदीच्या माथ्यावरचा अर्ध्या-अर्ध्याचा खेळ आता आपल्या खिशातही आला आहे. दोन टोकं आणि त्यांच्या स्पर्शिका भेटतात तो एक बिंदू, एवढे तीन बिंदू दिले की अन्वस्ताचा तुकडा पक्का ठरतो. बाजूंचे मध्य काढा, ते जोडा, त्या रेघेचा मध्य घ्या. तो वक्रावर असतो. पुन्हा तसंच. १९९१ साली आलेल्या ट्रूटाइप पद्धतीत संगणकावरच्या अक्षरांची गोलाई अशीच साठवतात. देवनागरीसाठी विंडोजबरोबर आलेला मंगल हा टाइप आणि कन्नडसाठी आलेला तुंगा, दोन्ही त्याच पद्धतीचे. अक्षराचं चित्र साठवलेलं नसतं. तीन-तीन बिंदूंचे गट असतात, आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी त्याची गोलाई तिथल्या तिथे नव्यानं काढली जाते. म्हणून ते फाटत नाही.

निपाणीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या मुलाच्या फोनमध्ये सहसा दोन्ही लिप्या असतात. त्यानं ‘निपाणी’ हा शब्द एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये लिहून बोटांनी ताणून मोठा केला, तर ‘प’च्या पोटातली गोलाई आणि कन्नड अक्षराचं वेटोळं दोन्ही बहुधा अन्वस्ताच्या तुकड्यांनीच जोडलेली असतील. कन्नड अक्षरं जास्त गोल. त्यांत सरळ रेघा कमी, अन्वस्त अधिक.